सोमवारचा चोथा

“चप्पल काढा, काका,” शशिकला सिस्टर म्हणाली.

जगन चप्पल काढून काट्यावर उभा राहिला आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत छताकडे बघत राहिला. एकसष्ट किलो आठशे.

“गुरुवारी इथून गेलात तेव्हा एकोणसाठ होतात. दोन किलो आठशे पाणी! विहिरीत उतरला होतात की काय?”

“तुमी सांगितलं तेवढंच पितो, सिस्टर.”

“हो, बाकीचं हवेतून शिरतं तुमच्यात.”

पनवेलच्या त्या डायलिसिस सेंटरात मंगळवार, गुरुवार, शनिवार हे असंच चालायचं. शनिवारी मात्र त्याला पुढचा भाग असे. शाळा अर्धा दिवस असल्यामुळे जगनची थोरली बहीण कुमुद त्याच्याबरोबर यायची, आणि तो उतरला की काट्यावर ती चढायची. चढण्याआधी ती घड्याळ काढी, गळ्यातली चेन काढी, केसांतला चाप काढी. एकदा तर पदराची सेफ्टीपिनसुद्धा काढून सिस्टरच्या हातात दिली होती.

आज सगळं काढूनही काटा अठ्ठ्याहत्तर किलो चारशेवर थांबला. मागच्या शनिवारी तेवढाच होता. दिवाळीतही तेवढाच होता.

“पाच महिने झाले, ताई,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली. “रागावू नका, पण खरं सांगा. मधे काही तोंडात टाकता का?”

“नाय हो.” कुमुद चेन गळ्यात घालता घालता म्हणाली. चेनचा फासा लागेना.

जगनने तो लावून दिला. “माझं दोन दिसांत तीन किलो वाढतं, हिचं पाच महिन्यांत पाव किलो जात नाय. आमचं घरानंच वजनदार हाय, सिस्टर.”

सिस्टर हसली. कुमुदला हसू आलं नाही, कारण हा विनोद तो स्वतःच्या जिवावर करत होता.

गोष्ट अशी होती. जगन चाळिशीचा, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा. रक्तदाब वाढला, तो त्याने अंगावर काढला, आणि एके दिवशी दोन्ही किडन्या बसल्या. त्याची बायको दीपिका, तिचा रक्तगट जुळेना. आई रंभा सत्तरीच्या पुढची. जुळली ती कुमुद. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तिचे सगळे रिपोर्ट पाहिले, म्हणाले, “किडनी उत्तम आहे. पण तुमचं वजन ब्याऐंशी. सत्तरच्या खाली आणा, मग ऑपरेशन. नाहीतर भावाला वाचवताना तुम्हालाच गमावून बसू.” आणि त्यांनी पेनाने हवेतच तिच्या बरगडीखालून पोटापर्यंत एक रेघ काढून दाखवली, इथून इथवर.

बारा किलो. मोजायला गेलं तर बारा किलो म्हणजे काय, दुकानातली एक पिशवी. नवरा गेल्यावर कुमुद पोरीला घेऊन विचुंब्याला माहेरी आली, नवीन पनवेलच्या शाळेत शिपाई म्हणून लागली, पंधरा वर्षं घंटा वाजवली, बाकं उचलली, पोरांच्या ओकाऱ्या पुसल्या. जगन सहा वर्षांचा होईपर्यंत तिच्याच कमरेवर वाढला होता. जड उचलायची तिला सवय होती. उतरवायची नव्हती, एवढंच.

पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरलेही. पहाटे पाचला ती बूट घालून निघायची. बूट जगननेच आणलेले, पांढरे, गुलाबी नाडीचे, शेहेचाळीस वर्षांच्या बाईला शोभतील न शोभतील असे. विचुंब्यातून गाढी नदीचा पूल ओलांडून नवीन पनवेलच्या बागेला सहा फेऱ्या आणि परत. भात बंद, तळलेलं बंद, साखर बंद. आहाराचा कागद फ्रिजवर चिकटवलेला. सकाळ-संध्याकाळ नाचणीची आंबील, ताक घालून, एक ग्लास. दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी. मग शाळेच्या परीक्षा आल्या, तिची धावपळ वाढली, तेव्हा रंभाच म्हणाली, “तू चालून ये, बाय. आंबील मी करून ठेवते.”

आणि त्यानंतर काटा जो रुसला, तो रुसलाच.

गावाला कळायला वेळ लागत नाही. विचुंब्यात आता चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या, तरी मधलं गाव होतं तेवढंच होतं, आणि त्याचे डोळेही तेवढेच होते. शेजारच्या आनंदाच्या मुलाची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा भारी. बँजो, मटणाची पातेली, वड्यांच्या राशी. कुमुद काकडीच्या चार चकत्या घेऊन कोपऱ्यात बसली. मटणाचा वास नाकात शिरत होता, आणि ती नवऱ्यामुलाला हळद लावून न जेवता उठली. मागून कुणीतरी कुजबुजलं, “इथं काकडी, घरात कोंबडी.” बायका हसल्या. कुमुदने ऐकलं नाही असं दाखवलं, आणि घरी येऊन फ्रिजवरचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला. आपलंच काहीतरी चुकत असणार असं तिला वाटत होतं. सातव्या फेरीची तेवढी भर घातली.

दीपिका पूर्वी वरच्या मजल्यावरून खाली फारशी यायची नाही. आता येऊ लागली. बोलता बोलता टोपांवरची झाकणं उचलून बघायची. एका संध्याकाळी तिने डबेही उघडले, आणि काही सापडलं नाही तेव्हा तिचा बांध फुटला.

“ताई, एक विचारू? द्यायची नसेल तर तसं सांगा ना. मी काही बोलणार नाही. तुमचं शरीर आहे. पण रोज सकाळी बूट घालून जायचं हे नाटक कशाला? मी रोज त्यांचे सुजलेले पाय बघते. मला खोटी आशा नको.”

“दीपिका, मी काय पन खात नाय ग.”

“मग वजन कुठून येतं? हवेतून?”

समोर कुमुदची मुलगी प्रांजल दहावीचं भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. कुमुदने पटकन जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. “हिची शपथ. कागदावर लिवलंय त्याच्याबाहेरचा एक घास मी खाल्ला असंल तर.”

आपल्याकडे पोरीच्या डोक्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. दीपिका ओशाळली, वर निघून गेली. चुलीजवळ रंभा बसली होती. तिच्या हातून पळी पडली, एवढंच.

त्यानंतरचा सोमवार. कुमुद फिरून आली आणि पाय धुवायला मागीलदारी गेली. रंभाच्या पाच-सहा कोंबड्या तिथे घाईघाईने काहीतरी टिपत होत्या. पांढरं, ओलं. कुमुद वाकली. खोबऱ्याचा चोथा. नारळ किसून, वाटून, फडक्यातून पिळून रस काढला की जो उरतो तो.

तिला आधी काहीच वाटलं नाही. त्यांच्या घरात चोथा कोंबड्यांनाच जायचा. मग तिच्या डोक्यात आलं, आज सोमवार. सोमवारी त्यांच्याकडे मासळी नाही, कालवण नाही. काल रात्रीही जगनसाठी वेगळं, तिच्यासाठी वेगळं, प्रांजलला डाळ. रसाचं काही झालंच नव्हतं. मग हा सोमवारचा चोथा आला कुठून?

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. रंभा पाठमोरी बसली होती. पातेल्यात आंबील रटरटत होती, आणि रंभा फडक्याची पुरचुंडी दोन्ही हातांनी पिळत होती. घट्ट, पांढरा, पहिला रस. सत्तरीच्या हातांच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. ताकाचं भांडं बाजूला झाकलेलंच होतं.

“आये.”

रंभा दचकली नाही. तिने पुरचुंडी शेवटपर्यंत पिळली, रस पातेल्यात ओतला, ढवळला.

“कधीपासून?” कुमुदने विचारलं.

“परीक्षांपासून.”

“दोनी वेला?”

“दोनी वेला.”

कुमुद भिंतीला टेकून खाली बसली. बूट पायातच होते. “आये, तो मरंल ना ग. तुझा पोरगा हाय तो.”

“त्याला मशीन हाय,” रंभा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “मशीनवर लोक धा-धा वरसं जगतात, ती सिस्टरच बोललीय. त्याला बायको हाय. तुना कोन हाय? तुझ्या पोरीला कोन हाय? दोन पोरं माझी. एक आजारी पडला. दुसरी धडधाकट, तिला मी माझ्या हातानं टेबलावर नेऊन ठेवू, कापा म्हनून? मना नाय जमत. मना सगले बोलतील पोरग्यासाठी पोरीला दे. दिली असती मी माझी. माझी घेत नाय ते.”

बाहेर कोंबड्या भांडत होत्या. रंभाने ग्लास भरला आणि कुमुदच्या समोर ठेवला. मग पदराने कपाळ पुसत तिने हळूच विचारलं, “एक सांग, बाय. येवढे म्हयने पितेस. नारलाचा रस हाय का ताक हाय, आगऱ्याच्या पोरीच्या जिभंला कललं नाय?”

कुमुदने ग्लासाकडे बघितलं.

कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. पहिल्या घोटाला जीभ म्हणाली होती, हे ताक नव्हे. आणि मन म्हणालं होतं, आईच्या हाताची चव आहे, पी. कागदावर आंबील लिहिलीय, ही आंबीलच आहे. तिने कधी विचारलं नाही. पातेल्यात कधी डोकावली नाही. सातवी फेरी वाढवली, काकडी खाल्ली, मटणावरून उठली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. पण ‘आये, यात काय घातलंस’ हे चार शब्द पाच महिन्यांत तिच्या तोंडून निघाले नाहीत. पेनाने हवेत काढलेली ती रेघ तिला रोज पहाटे जाग येताना आठवायची. काट्यावर अठ्ठ्याहत्तर दिसलं की तिला रडू यायचं, हे खरं होतं. आणि त्या रडण्याच्या खाली कुठेतरी छाती मोकळी व्हायची, तेही खरं होतं.

तिने ग्लास उचलला आणि आंबील प्यायली.

‘आजचा दिवस. उद्यापासून नाही.’ असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. आता ते न कळता नव्हतं, रस आहे हे माहीत असून ती पीत होती. रंभा ग्लास ठेवायची, ती प्यायची, दोघी एकमेकींकडे बघत नसत. शेवटी ग्लासात थोडं पाणी घालून, हलवून, तेही प्यायची लहानपणापासूनची सवय होती. अन्न वाया घालवायचं नाही. ते विसळलेलं पाणीही ती प्यायली. असे तेरा दिवस गेले. ते तेरा दिवस तिने नंतर आयुष्यभर मोजले.

तेराव्या दिवशी शनिवार होता. काट्यावर अठ्ठ्याहत्तर सहाशे. सिस्टर दुसरीकडे बघायला लागली. जगनला मशीन लावलं. कुमुद स्टुलावर बसली. नळ्यांतून त्याचं रक्त जात होतं, येत होतं.

“ताय,” तो डोळे मिटूनच म्हणाला, “एक बोलू? तुना नको वाटत असंल तर नको देऊस. मी दीपिकाला समजावतो. खरंच बोलतो. भीती वाटते मानसाला. मना पन वाटली असती.”

“तसं नाय रे.”

“मना ठाव हाय तसं नाय. गावात काय काय बोलतात. मी बोललो दीपिकाला, माझी ताय चोरून खानारी नाय. चोरून मी पितो.” तो हसला. “माठातलं. तुमी झोपलात का दोन पेले. तू बघितलंस एकदा, आनि कोनाला बोलली नायस. खरं ना?”

“खरं.”

“मग. तू खोटं कशाला बोलशील?”

कुमुदने त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं. सांगून टाकावं असं तिला वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण सांगायचं म्हणजे आईचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि आईचं नाव घेतलं की आपण सुटल्यासारखं झालं असतं. सत्तरच्या खाली आले की त्या दिवशी सांगीन, तिने ठरवलं. दोघं मिळून हसू.

दुसऱ्या दिवशी तिने भरलेला ग्लास मागीलदारी नेऊन कोंबड्यांच्या भांड्यात ओतला. रंभा बघत होती.

“आजपासून आंबील मी करीन, आये.”

रंभा उठली आणि खोबरं किसायची विळी धुऊन, पुसून, माळ्यावर टाकली.

काट्याला आता जणू वाट सापडली. सत्त्याहत्तर. पंचाहत्तर. होळीला त्र्याहत्तर. शाळेतल्या बाई म्हणू लागल्या, कुमुद, ब्लाउज सैल झाले ग. दीपिका झाकणं उचलायची थांबली, तीच आता शनिवारी फोन करून विचारायची, “किती?” आणि आकडा ऐकून फोनवरच रडायची. मुंबईच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांची तारीख दिली. जगन मात्र आता काट्यावर चढताना भिंत धरत होता.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी कुमुद चढली आणि जगननेच वाकून आकडा वाचला.

“सत्तर किलो नऊशे! ताय, नऊशे ग्रॅम राहिले. नऊशे ग्रॅम म्हंजे काय? एक पापलेट!”

सेंटरातले बाकीचे पेशंटही हसले. शशिकला सिस्टरने टाळी वाजवली.

मंगळवारी सकाळी मशीन लावून पाऊण तास झाला असेल. जगनला घाम सुटला. “सिस्टर, छातीत…” एवढंच तो म्हणाला. शाळेत फोन आला तेव्हा कुमुद मधल्या सुट्टीची घंटा देत होती.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. विचुंब्याचं अख्खं गाव आलं, उलव्याचे पाहुणे आले. कुमुद भिंतीशी बसली होती. दहा-बारा दिवसांत तिच्या तोंडात धड अन्न गेलं नव्हतं आणि गालाची हाडं वर आली होती. हळदीत कुजबुजणाऱ्या त्याच बायका आता मोठ्याने बोलत होत्या. “बहीन असावी तर अशी. भावासाठी हाडं झिजवली पोरीनं.” “नशीब ग, नऊशे ग्रॅमनी गेला.” आनंदाच्या बायकोने तर तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. कुमुदला वाटलं, उठून ओरडावं. सांगावं की तेरा दिवस. पाच महिने आणि तेरा दिवस, मी रोज प्यायले. समोरच्या कोपऱ्यात रंभा गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. ती एकदाही वर बघत नव्हती. या माणसांत ते बोललं असतं तर त्या म्हातारीला उद्यापासून कुणी पाणी दिलं नसतं.

पाहुणे गेले. घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपिका वरून खाली आली. बोडक्या कपाळाची, डोळे सुजलेले. हातात ग्लास होता. तो तिने कट्ट्यावर ठेवला आणि खाली वाकून कुमुदच्या पायांवर डोकं ठेवलं.

“अग, काय करतेस? उठ.”

“मला माफ करा, ताई. मी तुमच्यावर संशय घेतला. तुम्हाला पोरीची शपथ घ्यायला लावली. ते शेवटच्या दिवशी गाडीत मला म्हणाले, ताईची माफी माग, मी नसलो तरी माग.”

कुमुदचे हात तिच्या खांद्यांवर होते. ते तिला उठवत होते की दाबून धरत होते, कुमुदलाही कळत नव्हतं. “नको ग,” एवढंच ती म्हणाली. “माफी नको मागूस.”

दीपिका उठली. नाक पुसलं आणि ग्लास उचलून तिच्या हातात दिला. “आंबील केलीय. तुम्ही किती दिवस काही खाल्लं नाही. आता तरी मोजून मापून नका खाऊ. ताक नाही घातलं, नारळाचा रस घातलाय. पहिला, घट्ट. ताकद येईल.”

चुलीजवळ रंभाने मान वर केली.

कुमुदने ग्लास तोंडाला लावला. चव ओळखीची होती. तिने एक घोट गिळला, आणि तो गळ्याखाली उतरेपर्यंत डोळे मिटून थांबली. मग दुसरा. रंभा बघत होती, दीपिकाही बघत होती.

“रस जास्त झाला का, ताई?”

“नाय,” कुमुद म्हणाली. “बरोबर हाय.”

ती सगळी प्यायली. मग तांब्यातलं थोडं पाणी ग्लासात घालून तिने तो गोल हलवला, आणि तेही प्यायली.